अकरावीचे ७४ टक्के

ऑगस्ट २०२२ मधल्या एका रविवारी आम्ही मायलेकी पुण्यातल्या एका शैक्षणिक सल्लागार कंपनीच्या कार्यालयातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या हातात त्यांच्या लेटरहेडवरचा एक कागद होता. त्यावर मुलीची नववीची ८९, दहावीची ९४.२ आणि अकरावीची ७४ अशी टक्केवारी ओळीने लिहिलेली होती आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘जीपीए ३.००’ असे छापले होते. अमेरिकेतल्या कॉलेजांना टक्के समजत नाहीत, त्यांना चारपैकी सरासरी लागते, तेव्हा अर्जात हाच आकडा भरा, असे आम्हाला सांगण्यात आले. पुढच्याच आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी दुसऱ्या एका सल्लागाराकडून तेच तीन आकडे मोजून आणले, तेव्हा उत्तर ३.४३ आले.

माझी नोकरी हिशेबाची आहे. एकाच नोंदीवरून दोन बेरजा निघाल्या की मला रात्री झोप लागत नाही. म्हणून दोन्ही कागद समोर ठेवून मी त्यांची रीत शोधून काढली. पहिल्या कंपनीने अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत चालणारा तक्ता, म्हणजे ९० च्या वर ए, ८० च्या वर बी, ७० च्या वर सी, जसाच्या तसा आपल्या टक्क्यांवर बसवला होता. त्यामुळे ८९ ला तीन, ९४.२ ला चार आणि ७४ ला दोन गुण मिळून सरासरी बरोबर तीन आली होती. दुसऱ्या सल्लागाराने प्रत्येक टक्केवारीला सरळ २५ ने भागले होते. दोन्ही रीतींमागे गणित होते, पण ८९ टक्के मिळवणाऱ्या मुलीचा एक अख्खा ग्रेड एका टक्क्यासाठी का जावा, किंवा २५ ने भागल्यावर ३५ टक्क्यांचा उत्तीर्ण मुलगा १.४ वर का यावा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मुलगी मराठी माध्यमाच्या, सेमी-इंग्रजी असलेल्या शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि नंतर एका जुन्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला गेली. तिला भूशास्त्र शिकायचे होते आणि एका शिष्यवृत्तीच्या जाहिरातीमुळे तिने अमेरिकेतल्या लहान कॉलेजांना अर्ज करायचे ठरवले. आमच्या घरात यापूर्वी पदवीसाठी कोणी परदेशी गेलेले नव्हते. एम.एस.ला गेलेले नातेवाईक आहेत. पण पदव्युत्तर प्रवेशात विद्यापीठाच्या पदवीचे गुण बघतात, तर इथे नववीपासूनची चार वर्षे मागतात, हा फरक आम्हाला पहिल्या दिवशी ठाऊकही नव्हता.

अडचण होती ती मुख्यतः ७४ या आकड्याची. तिच्या कॉलेजात अकरावीला ७४ टक्के मिळवणारी मुलगी हुशार समजली जाते. माझा धाकटा भाऊ म्युनिकजवळ राहतो. त्याने गंमत म्हणून तिकडच्या विद्यापीठांत परदेशी गुणांसाठी वापरले जाणारे सुधारित बव्हेरियन सूत्र लावून पाहिले. त्या सूत्रात, शक्य असलेल्या सर्वाधिक गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा श्रेणीगुण असतो. वास्तविक हे सूत्र शालान्त प्रमाणपत्राच्या अंतिम गुणांना लावतात, पण आमच्या ७४ ला लावल्यावर २६ भागिले ६५, गुणिले तीन, अधिक एक, असे बरोबर २.२ आले. भावाने फोनवर ‘चांगली आहे गं पोरगी, इथे याला ‘गुट’ म्हणतात’ असे सांगितले. मग मी ३५ च्या जागी सीबीएसईचे ३३ हे किमान गुण घातले, तर तेच ७४ गुण २.१६ वर गेले. ज्या मंडळात उत्तीर्ण होणे दोन गुणांनी सोपे, त्या मंडळातल्या मुलाचा आकडा त्याच गुणांवर अधिक चांगला दिसतो, हे बघून मला हसू आले.

नणंद नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावात असते. तिने सांगितलेली गोष्ट तर याहून बोलकी होती. त्या राज्याच्या सरकारी शाळांत २०१४-१५ पर्यंत ९३ आणि त्यापुढे गुण मिळाले तरच ए मिळत असे, ८५ ते ९२ ला बी, ७७ ते ८४ ला सी आणि ७० ते ७६ ला डी. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून ही पट्टी दहा-दहाची झाली आणि ९० ला ए मिळू लागला. म्हणजे माझ्या मुलीचे ७४ तिथे एका वर्षी डी ठरले असते आणि पुढच्या वर्षी सी. शिवाय त्याच वर्षी नववीत आलेल्या मुलांपासून, एपी या कॉलेजच्या पातळीच्या विषयांना जे दोन जादा गुण मिळत ते एकावर आले. नणंदेची थोरली मुलगी जुन्या पद्धतीत शिकली आणि तिचा भारित, म्हणजे असे जादा गुण धरून काढलेला, जीपीए पाचाच्या वर गेला. धाकटी त्याच शाळेत, बहुतेक त्याच शिक्षकांकडे शिकून साडेचारच्या आसपास राहिली. एका घरातल्या दोन बहिणींचे आकडे शेजारी ठेवून ‘धाकटी जरा कमीच’ असे म्हणणारे नातेवाईक इकडे भेटले, पण तिकडच्या कॉलेजांत अर्ज वाचणाऱ्या माणसाला कोणत्या साली कोणती पट्टी होती हे माहीत असते, असे नणंद म्हणाली. त्या वाक्याने मला प्रथमच वाटले की आपण भलत्याच प्रश्नाच्या मागे लागलो आहोत.

आकड्यांचे रूपांतर कसे करायचे हे विचारण्यापूर्वी ते आकडे आले कुठून हे स्वतःला विचारायला हवे होते, आणि आमच्या बाबतीत त्याचे उत्तर फारच विचित्र होते. मुलगी २०१९-२० मध्ये नववीत होती. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे राज्यात नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली आणि पहिल्या सत्रातल्या कामगिरीवरून निकाल लागले. पुढच्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. तेव्हा जे मूल्यमापन ठरले त्यात प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, २० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ५० गुण नववीच्या निकालाचे होते. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीने २०१९ च्या दिवाळीआधी दिलेल्या एका सहामाही परीक्षेवर तिची नववी तर उभी होतीच, पण दहावीचाही अर्धा भाग उभा होता. अंतर्गत गुण देताना शाळांनी हात सैल सोडला होता हेही सर्वांना ठाऊक होते. तिच्या ९४.२ मध्ये तिचे कष्ट नव्हते असे मी म्हणणार नाही, परंतु तो आकडा काय मोजतो हे मला नीट सांगता आले नसते.

त्या वर्षी अकरावीच्या प्रवेशासाठी सर्व मंडळांच्या मुलांची एक सामाईक परीक्षा घ्यायचे शासनाने ठरवले होते आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ती रद्द केली. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका रांगेत कसे लावायचे हा प्रश्न काही अमेरिकेने शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रात दहावीच्या निकालानंतर दर जून-जुलैत तो प्रश्न डोके वर काढतो आणि २०१० सालचा ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याचा, वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपल्याकडे त्यावर नेहमी सूत्र शोधले गेले, कारण लाखो मुलांना काही आठवड्यांत जागा द्यायच्या असतात. अमेरिकेतल्या लहान कॉलेजाला तेवढी घाई नसते, हे मला नंतर कळले.

अकरावीला मात्र खरोखरची परीक्षा झाली. कॉलेज निम्मे वर्ष ऑनलाइन होते, प्रात्यक्षिके घाईने उरकली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये कागद-पेन घेऊन तीन तास बसायची मुलांची सवय पार मोडलेली होती. त्यातून तिच्या कॉलेजात अकरावीचे पेपर जुन्या शिस्तीने, म्हणजे हात आखडता ठेवूनच तपासतात. ६०० पैकी ४४४. तीन वर्षांपैकी सर्वांत जास्त अभ्यास तिने याच वर्षी केला होता, आणि कागदावर मात्र ९४ वरून ७४ अशी घसरण दिसत होती.

सप्टेंबरमध्ये आम्ही मुंबईला युसिफच्या, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनच्या, ‘एज्युकेशन यूएसए’ केंद्रात गेलो. तिथला प्राथमिक सल्ला विनामूल्य असतो, आणि तिथल्या सल्लागार बाईंनी आमचे दोन्ही कागद बघून ते शांतपणे उलटे करून ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की शाळेने जीपीए दिलेला नसेल तर तो आपण तयार करायचा नाही. कॉमन अॅप नावाच्या सामाईक अर्जात जीपीएचा रकाना ‘असल्यास’ भरायचा असतो. गुण १०० पैकी असतील तर तसे सांगता येते आणि रकाना रिकामाही ठेवता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो, पण तिथेही परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्ट सूचना असते की गुणपत्रिकेवर जे आहे तेच लिहा, अमेरिकन पद्धतीत रूपांतर करू नका. प्रवेश कार्यालयांत निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळे वाचक असतात, त्यांच्याकडे देशोदेशीच्या गुणपद्धतींचे संदर्भकोश असतात, आणि महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हणतात एवढे तरी त्यांना माहीत असते. मी विचारले, ‘मग त्यांना माहीत नसते ते काय?’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या मुलीच्या वर्गात बाकीच्यांना किती पडले ते.’

हे सांगण्याचे काम तिकडे शाळेचे समुपदेशक करतात. ते अर्जासोबत शाळेची ओळख करून देणारे एक-दोन पानांचे पत्रक जोडतात, ज्यात शाळा कोणत्या मंडळाची, कोणते विषय शिकवले जातात, गुण देण्याची पद्धत काय, आणि मुलांच्या गुणांचे वितरण कसे आहे ही माहिती असते. शिवाय एक ‘स्कूल रिपोर्ट’ भरावा लागतो. त्यात वर्गातला क्रमांक नेमका, दशांशात, पंचमांशात किंवा चतुर्थांशात सांगता येतो, आणि या विद्यार्थ्याने घेतलेले विषय शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या मानाने किती अवघड आहेत, असाही एक प्रश्न असतो. आमच्या कॉलेजात समुपदेशक म्हणजे बोनाफाईडच्या खिडकीवरचे काका होते. ते मनाने फार चांगले. त्यांनी आम्हाला उपप्राचार्यांकडे पाठवले.

उपप्राचार्य रसायनशास्त्र शिकवतात आणि निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे उरली होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मॅडम, आम्ही क्रमांक काढत नाही.’ हे खरेच होते. अकरावीला कॉलेजात गुणवत्ता यादी लावायची पद्धत बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. मी त्यांना विचारले, की क्रमांक नको, पण कोणत्या टप्प्यात किती मुले आहेत एवढे तरी सांगता येईल का? त्यावर त्यांनी काकांना निकालाचे रजिस्टर आणायला सांगितले.

ते रजिस्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. हिरव्या कापडी पुठ्ठ्याचे, टेबलाच्या दोन्ही कडांच्या बाहेर जाईल एवढे लांब. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नावे, मग प्रत्येक विषयाचे लेखी, प्रात्यक्षिक आणि एकूण, आणि अगदी उजवीकडे लाल शाईतली बेरीज. सरांनी आधी नावांच्या रकान्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि ती सरकू नये म्हणून कडेला त्यांचे डस्टर ठेवले. ‘दुसऱ्यांच्या मुलांची नावे तुम्ही बघायची नाहीत,’ असे सांगून ते स्वतः समोर बसले. मी प्लॅस्टिकची पट्टी एकेका ओळीखाली सरकवत फक्त शेवटची बेरीज वाचत गेले आणि मुलीने रफ कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा केल्या. तुकडीत ११८ विद्यार्थी होते. ८५ टक्क्यांच्या वर एकही नव्हता. ७५ ते ८४ मध्ये ७, ६० ते ७४ मध्ये ४१, ५० ते ५९ मध्ये ३८, ३५ ते ४९ मध्ये २९, आणि ३ अनुत्तीर्ण. सर्वाधिक गुण ६०० पैकी ४८९, म्हणजे ८१.५ टक्के. दुसऱ्यांदा मोजताना सरांनी स्वतः पट्टी धरली, आणि मुलीच्या ४४४ च्या वर फक्त आठ बेरजा आहेत हे त्यांनीच प्रथम मोठ्याने सांगितले.

म्हणजे ११८ मध्ये नववा क्रमांक. पहिल्या दहा टक्क्यांत. दोन सल्लागारांनी पैसे घेऊन जे सांगितले नाही, ते एका रजिस्टरने आणि पट्टीने पाऊण तासात सांगितले होते. मुलगी काही बोलली नाही, पण येताना तिने मला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजला, तोही स्वतःच्या पैशांनी.

पत्रकाचा कच्चा मजकूर मी केला आणि सरांनी तो निम्मा कापला. ‘आमचे महाविद्यालय नामांकित आहे’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उडवले. नामांकित आहे की नाही ते वाचणाऱ्याला आकड्यांवरून कळू दे, असे ते म्हणाले. जे राहिले त्यात राज्य मंडळाची रचना होती: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा, गणिताला ८० आणि २०, किमान ३५, ऑनर्स किंवा एपी यांसारखे अवघड पर्यायी विषय कोणालाच उपलब्ध नाहीत, विज्ञान शाखेच्या सगळ्या मुलांना साधारण तेच विषय घ्यावे लागतात. त्यानंतर ते वितरण आणि सर्वाधिक गुण. आणि शेवटी दोन वाक्ये, की २०२० ची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली नाही आणि २०२१ ची दहावीची गुणपत्रिका बोर्डाच्या लेखी परीक्षेवर आधारलेली नाही. हे शेवटचे लिहावे की नाही यावर आमची जराशी वादावादी झाली. तिचा सर्वांत चांगला आकडा आपणच का पातळ करायचा, असे मला वाटत होते. सर म्हणाले, ‘९४ का आले हे सांगितले नाही, तर ७४ का आले हेही कोणाला कळणार नाही.’ मला हे लगेच पटले नव्हते. नमते घेतले, इतकेच.

नववीचे प्रगतिपुस्तक मराठीत होते. विषयांचे गुण सोपे होते, पण कलारसास्वाद आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना नुसती श्रेणी होती. भाषांतर करून देणाऱ्या गृहस्थांनी ‘अ’ चे ‘ए’ केले, तेव्हा मुलीने खाली मूळ श्रेणीतक्ताही भाषांतरित करायला लावला, नाहीतर चित्रकलेतला अ हा गणितातल्या ए सारखा वाचला जाईल, अशी तिची शंका होती. मायलेकीत आता कोण अधिक किरकिरे, हा प्रश्न त्या सुमारास घरात विचारला जाऊ लागला होता.

कॉमन अॅपमध्ये शिक्षकाचे खाते उघडताना कॉलेजच्या नावाचा ईमेल पत्ता नसल्याने एक आठवडा गेला, तो तपशील सांगण्यासारखा नाही. त्याहून महत्त्वाचा प्रसंग अपेक्षित गुणांचा होता. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये होणार होती आणि बहुतेक अर्ज १ जानेवारीपर्यंत द्यायचे होते, त्यामुळे भारतीय शाळांकडून बारावीत किती गुण अपेक्षित आहेत ते लिहून मागतात. ओळखीच्या एका सीबीएसई शाळेने वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ९५ लिहून दिल्याचे आम्ही ऐकले होते. सरांनी सहामाहीचे पेपर मागवून घेतले, दोन शिक्षकांना विचारले आणि ८० लिहिले. मी चाचरत म्हटले, की थोडे वर नेता येईल का? ‘मी ८० लिहिले आणि ८३ पडले तर माझ्या सहीला पुढच्या वर्षी किंमत राहील. ९० लिहून ८३ पडले तर राहणार नाही,’ असे म्हणून त्यांनी शिक्का मारला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज नोव्हेंबरमध्ये भरला. तिथे अर्जाच्या वेळी ना शाळेचे पत्रक जाते ना शिक्षकांची पत्रे. विद्यार्थ्याने स्वतः एकेका विषयाचे गुण टंकित करायचे असतात. अमेरिकन शाळांतल्या मुलांचा जीपीए हे विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीने नव्याने मोजते: नेमून दिलेल्या विषयांचे दहावी-अकरावीचे ग्रेड धरते, ए-वजा आणि ए-अधिक यांत भेद करत नाही, आणि अवघड विषयांचे जादा गुण आठ सत्रांपुरतेच देते. म्हणजे शाळेने कितीही उदारपणे ४.८ छापले तरी तो आकडा तिथे पुसूनच पुढे जातो. आमच्यासारख्यांचे गुण तिथे मंडळाच्या ओळखीवर वाचले जातात. त्या अर्जात आमचे रजिस्टर कुठेच बसले नाही, म्हणून मुलीने अधिक माहितीच्या चौकटीत वितरणाची एक ओळ घातली.

मुलीचा एक चुलतभाऊ ब्रिटनला अर्ज करत होता, त्याचे मात्र दोन मिनिटांत उरकले. तिकडच्या विद्यापीठांच्या प्रवेश-माहितीत भारतीय बारावीसाठी लागणारी टक्केवारी सरळ छापलेली असते, आणि पुष्कळ ठिकाणी राज्य मंडळांच्या मुलांकडून सीबीएसई किंवा आयएससीपेक्षा काही टक्के जास्त मागितलेले असतात. त्यात अन्याय आहे की नाही यावर दिवाळीत आमच्याकडे मोठी चर्चा झाली. माझे मत असे झाले, की निदान ते उघड लिहितात.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. आमच्या कॉलेजात प्रिलिमचे पेपर मुलांना घाबरवण्यासाठीच तपासतात की काय अशी मला दाट शंका आहे. तिला ६६ टक्के पडले. वर्षाच्या मध्यावरचा अहवाल पाठवायचा होता आणि त्यात हेच गुण जाणार होते. ९४, ७४, ६६. त्या रात्री मुलगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा रजिस्टर काढले, या वेळी स्वतःच, आणि अहवालाला एक ओळ जोडली, की या परीक्षेत ११८ पैकी फक्त चौघांना ७० च्या वर गुण आहेत.

हे सगळे कोणी वाचते का, याचा पुरावा फेब्रुवारीत अनपेक्षितपणे मिळाला. ओहायोतल्या एका लहान कॉलेजाने तिची ऑनलाइन मुलाखत घेतली. मी दाराआड उभी होते, हे कबूल करते. खडकांबद्दल, सिंहगडाच्या बेसॉल्टबद्दल बरेच बोलून झाल्यावर समोरच्या बाईंनी विचारले, की तुमच्या वर्गात सर्वाधिक ८१.५ मिळवणारा विद्यार्थी आणि तुम्ही एकत्र अभ्यास करत होता का? मुलगी क्षणभर गडबडली, मग हसली. ते दोघे प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असत.

एकूण सात ठिकाणी अर्ज केले होते. चार ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव लागले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पैकी ओहायोच्या कॉलेजाने आम्हाला झेपेल इतकी आर्थिक मदतही दिली. नकार देणाऱ्यांनी तिचे ७४ कसे वाचले हे ते सांगत नाहीत, आणि त्यांच्याकडे इतर हजार कारणे असणार. बारावीचा निकाल २५ मे २०२३ रोजी लागला. राज्याचा निकाल ९१.२५ टक्के, आणि तिला ६०० पैकी ४९९, म्हणजे ८३.१७. सरांनी अंतिम अहवाल स्वतः भरून पाठवला आणि पेढे घ्यायच्या आधी मला आठवण करून दिली की त्यांनी ८० लिहिले होते.

पहिल्या कंपनीचा तो ३.०० चा कागद मी जपून ठेवला होता. जुलैत बॅगा भरताना मुलीने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी केली. ऑगस्टच्या शेवटी तिला सोडून मी विमानतळावरून परतले, त्यानंतर चार दिवसांनी कॉलेजमधून काकांचा फोन आला. आणखी दोन मुले अमेरिकेला अर्ज करणार होती आणि सरांना गेल्या वर्षीचे पत्रक हवे होते. मी ते पाठवते म्हणाले, पण त्यातले आकडे जुन्या तुकडीचे आहेत, नव्याने मोजावे लागतील, हेही सांगितले. मागून सरांचा आवाज आला, ‘रजिस्टर काढून ठेवलंय म्हणावं. पट्टी त्यांचीच इथे राहिली आहे.’